तक्ता ठेव बाजूला, आधी महिने म्हण

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला. असमिया, म्हणजे आसामी भाषेतल्या व्यंजनांचा तक्ता डोक्यात बसत नाही म्हणून रडकुंडीला आलीयेस ना, मग तो मिटून ठेव आणि असमिया महिने मोठ्याने म्हण: बोहाग, जेठ, आहार, शाओन, भाद, आहिन, काति, आघोन, पुह, माघ, फागुन, चोत.

आता वैशाखातला श कुठे गेला बघ. बोहाग मध्ये त्याचा ह झालाय, आषाढाचं आहार, पौषाचं पुह, तिथेही तेच. आपल्याकडे दशचं दहा झालं तसंच की हे! पण श्रावणातला श शब्दाच्या तोंडाशी उभाय, त्याचाही उच्चार बदललाय, लिहितात शाओन आणि म्हणतात ख़ाओन, उर्दूतल्या ख़बर सारखा घशातून घासत येणारा ख़, पण निदान ह इतका तो ढिला पडला नाही. ध्वनीचं बळ म्हणतात ते हेच गं, ते ध्वनीत असतं तितकंच तो उभाय त्या जागेतही असतं. मला स्वतःला हे कळायला फार वर्षं लागली, कारण मीसुद्धा नुसते नियमच घोकत बसले होते.

कार्तिक घे. त्यातला त र ला चिकटलेला होता म्हणून काति मध्ये शाबूत राहिला, आणि शेवटचा, दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला क पार नाहीसा झाला. फाल्गुनातला ग पण असाच जोडीमुळे वाचला. श सारखाच असमियात स चाही ख़ होतो, पण व्यस्त मधला स त च्या आधाराने स च राहतो, त्याचा ख़ होत नाही.

राहिला चैत्र. चोत लिहितात, म्हणतात सोत. आपण चाक म्हणतो तेव्हा जीभ आधी टेकते आणि मग घासते, असमियात ते टेकणंच गेलं, नुसतं घासणं उरलं, म्हणून चहा तिकडे साह होतो. हा बदल आणि स चा ख़ होणं, दोन्ही एकत्र ठेवून बघ, सुटे सुटे पाठ करू नकोस, कारण स ची जागा मोकळी असल्यावर च तिथे आला तरी गोंधळ होत नाही.

हॉस्टेलवर गुवाहाटीकडची कोणी असेल तर तिच्याकडून हे बारा महिने फोनवर रेकॉर्ड करून घे, दोनतीनदा. आणि माघ नीट ऐक, त्यातल्या घ चा ह झालेला नाही. तो का टिकला असेल, तुला काय वाटतं ते रविवारपर्यंत लिहून पाठव, चुकलं तरी चालेल.