कॉन्ट्रॅक्टचा अभ्यास: गाइड नंतर, आधी बेअर अ‍ॅक्ट

एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे करार कायद्याची, ७५ कलमं डोक्यात राहत नाहीत, गाइडवर निभावेल का आणि केसेस किती करायच्या, असं तुम्ही विचारलंय. निभावेल, पण पासापुरतं. प्रॉब्लेमचा, म्हणजे एखादा प्रसंग देऊन कायदा लावायला सांगणारा, प्रश्न आला की नुसतं गाइड वाचलेली मुलं अडकतात. व्याख्या तोंडपाठ असतात, पण कुठली कुठे लावायची ते सुचत नाही.

बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवाय छापलेला मूळ कायदा, विकत घ्या. १८७२ च्या या कायद्यात कलमांखाली उदाहरणं दिली आहेत आणि वाचताना नेमकी तीच गाळली जातात. कलम २५ बघा. प्रतिफल (करारात बदल्यात मिळणारा मोबदला) नसलेला करार रद्दबातल, एवढं सगळ्यांना येतं. खाली एका उदाहरणात 'अ' आपला १,००० रुपयांचा घोडा १० रुपयांना विकायला कबूल होतो. त्याची संमती मोकळी, म्हणजे दबाव किंवा फसवणुकीशिवाय दिलेली, आहे, म्हणून करार पक्का. पुढच्याच उदाहरणात तोच घोडा, तीच किंमत, पण 'अ' म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. आता मात्र किंमत इतकी कमी का, हे कोर्ट विचारात घेणार. या दोन उदाहरणांनी कलम २५ थेट १४ (मोकळी संमती) आणि १६ (गैरवाजवी दबाव) ला जाऊन भिडतं. कलमं अशी एकमेकांना धरून वाचली की पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

केसेस पंधरा-वीस पुरेत. त्यातली एक तरी मूळ निकालातून वाचा. मी भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल सुचवेन, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर हा निकालसंग्रह) १९६६ सुप्रीम कोर्ट ५४३. खटला आपल्या खामगावचा आहे. सरकी पेंडीचा सौदा फोनवर ठरला; मागणी अहमदाबादहून, होकार खामगावहून. माल आला नाही म्हणून दावा पडला अहमदाबादेत, आणि तिथल्या कोर्टाला तो चालवता येतो का हे ठरवायला प्रश्न उभा राहिला की करार झाला कुठे? पोस्टाने होकार गेला असता तर जिथे पत्र टाकलं तिथे. फोनला हा नियम लागू नाही, होकार जिथे ऐकू आला तिथे करार, म्हणजे अहमदाबाद, असं बहुमताने ठरलं. न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र कलम ४ चे (होकार कधी पोहोचला असं धरायचं, ते सांगणारे) शब्द जसेच्या तसे घेऊन खामगावच्या बाजूने मत दिलं. ते मत जरूर वाचा. एकाच कलमातून दोन निष्णात न्यायाधीश दोन टोकांना कसे जातात हे दिसलं की या विषयाची गोडी लागते. मला तरी तिथेच लागली.

तसंच मोहोरीबीबी (१९०३) हा खटला. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे वाक्य करार कोण करू शकतो ते सांगणाऱ्या कलम ११ मध्ये शोधून दाखवा, सापडणार नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) १० आणि ११ एकत्र वाचून ते काढलं. उत्तरात ही पायरी लिहिलीत तर तपासणाऱ्याला कळतं की कायदा वाचलाय.

इंग्लिश केसेस जपून वापरा. कार्लिल (जाहिरातीतून दिलेला प्रस्ताव) आणि हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल (नुकसानभरपाई कुठवर) हव्यातच. पण कलम २७ ला इंग्लंडचा 'वाजवी निर्बंध' चालतो हा नियम चिकटवू नका. आपल्याकडे धंद्यावर किंवा व्यवसायावर निर्बंध घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, आणि कलमातच दिलेला अपवाद गुडविलच्या, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या, विक्रीचा.

७३ आणि ७४ (करार मोडल्यावरची भरपाई) शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पुढे वकिलीत रोज हीच लागतात. 'दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरा' असा बॉन्ड घेऊन मुलं माझ्याकडे येतात. करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण वसूल होत नाही. ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. असा एखादा खरा बॉन्ड मिळवा आणि त्यावर स्वतःच प्रॉब्लेम तयार करून सोडवा.

७६ ते १२३ कलमं बेअर अ‍ॅक्टमध्ये दिसली नाहीत तर पान गहाळ आहे असं समजू नका. ती १९३० मध्ये रद्द होऊन मालविक्रीचा वेगळा कायदा झाला.