वाचकांचे प्रश्न : इंग्रजी वाक्यातील शब्दांची जागा

प्रश्न : मला इंग्रजी शब्द बऱ्यापैकी येतात, काळांचे तक्तेही पाठ आहेत; परंतु वाक्य तयार करताना शब्द मराठीच्याच क्रमाने येतात. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तक्ते तूर्त बाजूला ठेवावेत आणि शब्दांच्या जागेकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे काळ आधी शिकवतात आणि वाक्याची बांधणी गृहीत धरतात. हा क्रम मला चुकीचा वाटतो.

'रामाने रावणाला मारले' हे वाक्य 'रावणाला रामाने मारले' असे फिरवले तरी मारणारा रामच राहतो, कारण कर्ता कोण आणि कर्म कोणते हे आपल्याकडे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत मात्र 'राम किल्ड रावण' यातील नावांची अदलाबदल केली की अर्थच उलटतो. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. अकराव्या शतकानंतर ते झपाट्याने झिजत गेले आणि त्यांचे बरेचसे काम शब्दक्रमावर आले. 'ही' आणि 'हिम' यांसारख्या सर्वनामांत ती जुनी खूण अजून दिसते. त्यामुळे साध्या विधानात आधी कर्ता, मग क्रियापद आणि त्यानंतर कर्म हा क्रम सहसा मोडता येत नाही.

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'उद्या येईन' एवढे म्हटले तरी मराठीत 'मी' कळतो. इंग्रजी क्रियापदावरून तो कळत नाही, म्हणून कर्ता सांगावाच लागतो. 'इट इज रेनिंग' या वाक्यातील 'इट' तर कोणतीही वस्तू दाखवत नसून केवळ कर्त्याची जागा भरतो. 'मला भूक लागली आहे' यात आपल्या व्याकरणाप्रमाणे कर्ता 'भूक' आहे, परंतु 'आय ॲम हंग्री' म्हणताना भुकेलेली व्यक्तीच कर्ता होते. अशी वाक्ये शब्दशः उतरवू नयेत.

प्रश्नार्थक वाक्यात 'का' जोडून भागत नाही. 'ही ड्रिंक्स टी' याचा प्रश्न 'डज ही ड्रिंक टी' असा होतो. 'ड्रिंक्स'मधील 'एस' 'डज'मध्ये गेलेला असल्याने तो पुन्हा लावू नये.

सरावासाठी रोजच्या बोलण्यातील काही वाक्ये घ्यावीत, प्रत्येकातील क्रियापद आधी शोधावे, ती क्रिया कोण करतो हे ठरवावे आणि ही जोडी लिहून झाल्यावरच पुढचे शब्द जोडावेत. स्थळ आणि वेळ दाखवणारे शब्द सुरुवातीला वाक्याच्या शेवटी ठेवणे सोयीचे असते.