घरी बाईकचं इंजिन ऑइल स्वतः बदलता येतं का? पाना कधी हातात धरलेला नाही, काही वाट तर लागणार नाही ना?

येतं की. मी गेली बरीच वर्षं स्वतःच बदलतो, आता अर्ध्या तासात होतं, पहिल्यांदा दोन तास लागले होते आणि त्यातला एक तास नुसता खाली वाकून नक्की कुठला नट खोलायचा हे बघण्यात गेला. वाट लागेल का, तर लागू शकते, पण मुख्यतः एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे ड्रेन बोल्ट, इंजिनच्या तळाचा, ज्यातून जुनं ऑइल बाहेर सोडतात तो. माझी लागलेली आहे म्हणून सांगतो.

झालं असं की ऑइल काढलं, बोल्ट परत लावला, घट्ट केला. मग मनात आलं, रस्त्यात गळायला लागलं तर? म्हणून अजून थोडा पिळला. मग अजून थोडा. आणि एकदम पाना हलका झाला, लोण्यात फिरावा तसा फिरला. आटे, म्हणजे बोल्ट ज्यांत फिरत बसतो त्या खाचा, गेले! बोल्ट लोखंडी असतो आणि इंजिनचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा, म्हणजे मरतो तो इंजिनचाच आटा. बोल्ट नवा मिळतो हो, पण इंजिनला आतून नवीन आटे पाडून घ्यावे लागले, आणि गाडी ढकलत न्यावी लागली ते वेगळंच.

तर किती घट्ट करायचा? मॅन्युअलमध्ये आकडा असतो, छोट्या-मध्यम बाईकला साधारण 20 ते 30 न्यूटन मीटर. आता हे ऐकून हाताला काही कळत नाही, म्हणून असं समजा की 25 न्यूटन मीटर म्हणजे 15 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 17 किलोचा जोर. पाना दुप्पट लांब घेतला तर जोर निम्माच लागतो, म्हणूनच लांब दांडीचा पाना घेऊन पाय रोवून बसलात की आटे गेलेच समजा. आधी बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, बोटांनी जात नसेल तर तो तिरका बसलाय, पाना लावायचाच नाही, काढून परत सरळ धरायचा. आणि गळती थांबवतो तो वायसर, तुमची ताकद नाही. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा चपटा वायसर असतो, तो दाबून सपाट होतो म्हणून दरवेळी नवा टाका. जुना वायसर कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतो आणि आपण त्याच्यावर दुसरा चढवतो, ते बघून घ्या.

खोलताना अजून एक गंमत. गाडीच्या वर उभं राहून खाली बघत पाना फिरवला की दिशा उलटी होते, आणि आपण सैल करतोय असं समजून आवळत बसतो. बोल्टच्या डोक्यासमोर तोंड आहे अशी कल्पना करा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. काही गाड्यांना ड्रेन बोल्ट म्हणजे मोठं झाकणच असतं, त्यातून स्प्रिंग आणि जाळी बाहेर येते. घाबरू नका, पण आधी मोबाईलवर फोटो काढा, कोण कशाच्या आत होतं ते नंतर अजिबात आठवत नाही.

बाकी काम सोपं आहे. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, कोमट ऑइल पातळ होऊन भराभर निघतं. लांब फिरून आल्या आल्या लगेच करू नका, ऑइलनेही भाजतं आणि सायलेन्सरनेही. खाली पसरट भांडं, ऑइल ओतायचं वरचं झाकण सैल, मग बोल्ट. फिल्टर असेल तर तोही बदला, त्याची रबरी रिंग विसरू नका. निघालेलं ऑइल काळं असणारच, ते आतली घाण उचलतंय म्हणून काळं आहे. दुधाळ दिसलं तर मात्र पाणी गेलंय, आणि धातूचे नखाएवढे तुकडे सापडले तर तिथेच थांबून मेकॅनिकला दाखवा.

नवीन ऑइल कुठलं, यावर लोक भांडतात. मी भांडत नाही, मॅन्युअलमध्ये ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड 10डब्ल्यू-30 म्हटलंय तर 10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-50 म्हटलंय तर तेच. फक्त कारचं उरलंय म्हणून बाईकमध्ये ओतू नका. बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात, आणि कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्याने क्लच प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघा, म्हणजे ते ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालतं.

मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं बदलताना लागतं ते आणि एक पूर्ण इंजिन खोललं तर लागतं ते. नवखा माणूस हमखास मोठा आकडा वाचून तेवढं ओततो. जास्त झालं तर ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत जाऊ शकतं, म्हणून शेवटचं थोडं राखून ठेवा. गाडी एक-दोन मिनिटं चालू करा, बंद करून थोडं थांबा, आणि गाडी सरळ उभी असतानाच पातळी बघा, साईड स्टँडवर चुकीचीच दिसते. डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत फिरवून, हे मात्र तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली नको, त्याच डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून झोपा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर बोल्टला परत हात लावू नका, कितीही मोह झाला तरी.