पिल्ले पाजणाऱ्या मांजरीच्या स्तनांच्या तक्रारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पिल्ले पाजणाऱ्या मांजरीच्या स्तनांविषयी तेच ते गैरसमज पत्रांतून पुन्हा पुन्हा येत असल्याने निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मांजरीला आठ सड आहेत, पण पिल्ले चारच सडांना लागतात. काळजीचे आहे का?

उत्तर : नाही, पिल्ले आपापले सड ठरवून घेतात, मात्र न वापरलेला एखादा सड गरम किंवा दुखरा लागला तर पशुवैद्याला दाखवावा.

प्रश्न : मांजर व्यायल्याला नऊ दिवस झाले. एक स्तन लाल आणि कडक झाला आहे, ती पिल्लांना जवळ घेत नाही. शेजारी हळदीचा लेप आणि पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवतात.

उत्तर : ती गोळी कृपया देऊ नका. मांजरीच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही, रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ढासळते आणि अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. लेप ती चाटणार आणि पिल्लांच्याही तोंडात जाणार. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे स्तनदाहाची, म्हणजे पिल्लांच्या नखांनी पडलेल्या ओरखड्यातून किंवा सडाच्या छिद्रातून आत शिरलेल्या जंतूंच्या संसर्गाची वाटतात. ‘दूध साठले आहे, आपोआप उतरेल’ या ऐकीव समजुतीवर दोन-तीन दिवस घालवले, की तोच स्तन जांभळा-काळा पडतो, गळू फुटते, संसर्ग रक्तात पसरतो. असे उशिरा आणलेले प्राणी पाहताना अतिशय वाईट वाटते, कारण वेळेत उपचार झाले तर बहुतेक मांजरी बऱ्या होतात. मांजरीचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; ते त्याहून वर गेले, तिने खाणे सोडले किंवा दुधात रक्त अथवा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात उरलेली प्रतिजैविकेही देऊ नका, कारण औषध दुधातून पिल्लांत उतरते. पिल्लांना पाजू द्यायचे की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतील. तोवर त्यांचे रोज वजन करा; ते रोज साधारण दहा ग्रॅम वाढले पाहिजे. वाढत नसेल तर गाईचे दूध न देता मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर, पिल्लाला पोटावर ठेवून, पाजा.

प्रश्न : पिल्लांनी दूध सोडले. उरलेले दूध पिळून काढावे का?

उत्तर : काढू नये, पिळल्याने दूध येतच राहते, स्तन दुखरे झाले तर दाखवून घ्या.

प्रश्न : पुन्हा गाभण राहू नये म्हणून दुकानदाराने माज थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत. देऊ का?

उत्तर : देऊ नका. या गोळ्यांत संप्रेरक (हार्मोन) असते आणि तपासणीशिवाय ते विकणे हा निव्वळ धंदा आहे. त्याने स्तन अचानक प्रचंड सुजू शकतात, गर्भाशयात पू होऊ शकतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. मांजरीतल्या अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. पाजत असतानाही मांजर गाभण राहू शकते, म्हणून तिला बोक्यापासून दूर ठेवा आणि पिल्ले दूध सोडतील तेव्हा नसबंदी केव्हा करायची, याची तारीख पशुवैद्याकडून आत्ताच ठरवून घ्या.