वृत्तपत्रांची टपाल तिकिटं जमवायची म्हणतोस, तर हे ऐक

भावा, छपाईयंत्रवाल्या गुटेनबर्गपासून सुरुवात करू नकोस. त्याच्यावर देशोदेशी तिकिटं निघालीत, पैसे संपतील पण यादी संपणार नाही. आधी घरचं बघ. केसरीकार टिळकांचं 1956 चं, अमृत बझार पत्रिकेच्या शताब्दीचं 1968 चं, 'द हिंदू'चं 1978 चं, टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशे वर्षांचं 1988 चं.

आणि 1979 चं राजर्षी शाहूंचं तिकीट याच वहीत लाव. इथं महाराजांचं काय काम, असं कुणीतरी विचारणारच. सांग त्याला, 1920 मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. शेजारी बाबासाहेबांचं 1966 चं तिकीट ठेव. नुसत्या छापखान्याच्या चित्रांपेक्षा ही जोडी मला कधीही भारी वाटते, आणि कोल्हापूरकराच्या वहीत ती नसेल तर कुणाच्या असणार?

शिक्का स्पष्ट असेल तर तिकीट उचकटू नकोस, आख्खं पाकीट ठेव. हाताळायला चिमटाच. आपला पावसाळा तुला माहीत आहे. दमट हवेत कोऱ्या तिकिटाचा डिंक पानाला चिकटतो. वह्या एकावर एक रचू नकोस, उभ्या ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाक.

ऑस्ट्रियाचं 1851 चं, खास वृत्तपत्रांसाठी काढलेलं मर्क्युरी या रोमन देवाचं तिकीट कुणी स्वस्तात देऊ लागला, तर आधी जाणकाराला दाखव. त्याच्या नकला बऱ्याच फिरतात.