वाचक विचारतात : साखर पेशीच्या आत नेमकं काय बिघडवते?

मधुमेहाच्या गुंतागुंतीवर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून ती सलग वाचावीत.

प्रश्न : आईचं वय ५८. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी साखर २१० ते २४० येते. पण तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ५.९ निघाली. लॅबवाले म्हणाले, साखर छान आहे. माझ्या मामेभावाला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) आहे. कोणता आकडा खरा मानायचा? (कुरखेडा, जि. गडचिरोली)

मीटरचा, फक्त हात साबणाने धुऊन, पुसून घेतलेला असावा. संत्र किंवा केळ सोलल्यावर बोटावर राहिलेला रस साखर खोटी वाढवून दाखवतो, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो नीट निघत नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकणही घट्ट हवं. बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, आणि टिनाच्या छताखाली मे महिन्यात ती सहज ओलांडली जाते.

आता ५.९चं गणित पाहा. ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपसूक चिकटतं, त्यासाठी कोणतंही विकर (एन्झाइम) लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त आणि तांबडी पेशी त्या रक्तात जितके दिवस फिरली, तितकं चिकटलेलं ग्लुकोज जास्त. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीतून दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. ५.९ म्हणजे सरासरी साखर सुमारे १२३. जिची उपाशीपोटीची साखरच २१०च्या खाली येत नाही, तिची सरासरी १२३ असणार नाही. मग एक तर आईच्या तांबड्या पेशी लवकर मरत असाव्यात, नाहीतर मशीन त्यांचं हिमोग्लोबिन चुकीचं वाचत असावं.

सिकलसेल आजारात (एसएस) दोन्ही गोष्टी होतात. पेशी १० ते २० दिवसच जगतात. शिवाय ज्या साध्या हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोज मोजायचं, ते हिमोग्लोबिनच त्यांच्याकडे नसतं. अशा माणसाच्या एचबीए१सीला काही अर्थ नाही. वाहकाचं (एएस), म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेल्याचं, तसं नाही. त्याच्या पेशींचं आयुष्य जवळपास नेहमीसारखं असतं आणि बहुतेक नव्या मशीन बरोबर आकडा देतात, पण काही पद्धती गडबडतात. मामेभावाला आजार आहे म्हणजे मामा बहुतेक वाहक असणार. आई त्यांची सख्खी बहीण असेल, तर तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त. सौम्य आजार ५८ वर्षांपर्यंत लपून राहणंही आपल्या भागात अशक्य नाही.

म्हणून आधी सिकलसेलची तपासणी करा. सोल्युबिलिटी चाचणीतून फक्त 'सिकल हिमोग्लोबिन आहे' एवढंच कळतं. वाहक की आजारी, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीवर ठरतं. अलीकडे रक्त चढवलं असेल, तर तेही सांगा, कारण त्याने सिकलसेलची आणि एचबीए१सीची, दोन्ही तपासण्या फसतात. साखरेसाठी फ्रुक्टोसामाइन तपासायला सांगा. त्यात रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, तांबड्या पेशींचा संबंध येत नाही आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो. मात्र लघवीतून प्रथिन भरपूर जात असेल, तर हा आकडाही फसवा ठरतो. तोवर आठवड्यातून तीन दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा, वहीत लिहा आणि डॉक्टरांना वहीच दाखवा.

उलटी चूकही होते. लोह कमी पडून रक्त कमी झालेल्या बाईचा एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. त्या आकड्यावर औषध वाढवलं, तर साखर धोकादायक उतरते. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे ते पाहता, हिमोग्लोबिन न पाहता एचबीए१सी वाचूच नये असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : साखर तर रक्तातून सगळीकडे फिरते. मग बिघाड डोळे, किडनी अन् पायांतच का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

स्नायू आणि चरबीच्या पेशींना दार आहे. इन्सुलिन आलं की ते उघडतं. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी आणि नसांभोवतालच्या पेशी यांच्यात साखर शिरायला इन्सुलिनची गरज नसते, आणि बाहेर साखर वाढली म्हणून त्या आपलं दार ओढूनही घेत नाहीत. बाहेर ३०० असली की आतही पूर येतो.

ओलितात मुख्य पाट तुंबला की पाणी बाजूच्या सऱ्यांत शिरतं, तसंच पेशीत होतं. ग्लुकोज जाळून ऊर्जा काढण्याची मुख्य वाट भरली की ते आडवाटांना लागतं. अशा चार आडवाटा आजवर नीट अभ्यासल्या गेल्या आहेत.

पहिली सॉर्बिटॉलची. अल्डोज रिडक्टेज नावाचं विकर ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं. साखर प्रमाणात असताना या विकराची ग्लुकोजवर पकड कमजोर असते, त्यामुळे तिकडे फारसं काही वळत नाही. साखर वाढली की ते जोमाने कामाला लागतं. डोळ्याच्या भिंगात सॉर्बिटॉल साचतं, पाणी ओढतं आणि भिंग फुगतं. नसांमध्ये आणि रक्तवाहिन्यांमध्ये साचणारं सॉर्बिटॉल थोडं असतं. तिथे खरा घात वेगळाच आहे. हे रूपांतर करताना एनएडीपीएच हे पेशीतलं मदतनीस रसायन खर्च होतं, आणि पेशीचं संरक्षण करणारं ग्लुटाथायोन पुन्हा तयार करायलाही तेच लागतं. म्हणजे हल्ला वाढतो आणि त्याच वेळी ढाल झिजते.

दुसरी वाट तव्यावर रोज दिसते. भाकर भाजताना जे खरपूस डाग पडतात, ते साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या अभिक्रियेने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिल मेयार यांनी १९१२मध्ये तिचं वर्णन केलं. शरीरात तवा ३७ अंशांचाच, म्हणून जे चुलीवर मिनिटांत होतं, त्याला इथे महिने आणि वर्षं लागतात. त्यामुळे सगळ्यात जास्त मार खातात ती वर्षानुवर्षं न बदलणारी प्रथिनं : भिंगातली आणि त्वचा, सांधे, रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारं कोलॅजन. साखरेमुळे कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडले जातात आणि रक्तवाहिन्या कडक होतात. हे हातावरही दिसू शकतं. नमस्काराला हात जोडा. बोटं आणि तळवे सपाट टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांध्यांभोवतालची त्वचा आणि स्नायुबंध ताठरले असण्याची शक्यता आहे. अशा मधुमेही माणसाचे डोळे आणि लघवी तपासायला उशीर करू नये.

तिसऱ्या वाटेने प्रोटीन कायनेज सी हे विकर जागं होतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतात, गळतात. चौथी हेक्झोसामाइनची, तिच्यामुळे जनुकांच्या कामात ढवळाढवळ होते.

मधुमेह-संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१मध्ये या चारही वाटांना एक उगम सुचवला. जादा ग्लुकोज जाळताना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-भट्ट्यांत, सुपरऑक्साइड हा दाहक कण जास्त तयार होतो, त्यामुळे मुख्य वाटेवरचं एक विकर बंद पडतं आणि मागे साचलेलं सगळं आडवाटांना लागतं. मांडणी देखणी आहे, पण वाद मिटलेला नाही. मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडात सुपरऑक्साइड उलट कमी आढळल्याचेही निष्कर्ष आहेत.

प्रश्न : एवढं समजलं आहे, तर हे थांबवणारी गोळी का नाही? आमच्या भागात वायगावची हळद पिकते. तिने हे थांबतं म्हणतात. (समुद्रपूर, जि. वर्धा)

गोळ्या निघाल्या. अल्डोज रिडक्टेज अडवणारं टॉलरेस्टॅट यकृताला इजा होत असल्याने मागे घ्यावं लागलं. सॉर्बिनिलने अंगावर तीव्र प्रतिक्रिया येत. एपालरेस्टॅट जपानमध्ये आणि आपल्याकडेही मिळतं, नसांच्या त्रासाला थोडा उतार पडतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. साखर-प्रथिनांचं जखडणं रोखणारं अमिनोग्वानिडीन चाचण्यांच्या पुढे गेलं नाही. एक सरी बुजवली, पण पाट तुंबलेलाच राहिला, तर पाणी दुसरीकडून फुटणार.

हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत यातल्या काही अभिक्रिया रोखतं, हे खरं. पण ते आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि शोषलेलं यकृत लगेच बदलून टाकतं. वरणात, भाजीत हळद घाला. मधुमेहाच्या गोळ्या मात्र तिच्या भरवशावर बंद करू नका. कर्क्युमिनच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल घेऊन यकृत बिघडलेले रुग्ण नोंदले गेले आहेत.

आजवर ठामपणे सिद्ध झालेला उपाय पाटाचं पाणी कमी करण्याचा आहे. १९८३ ते १९९३ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात टाइप-१च्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी अभ्यास झाला. एचबीए१सी ९ऐवजी ७च्या आसपास ठेवलेल्यांत डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप-२साठी ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि रक्तदाब नीट ठेवलेल्यांत ३७ टक्क्यांनी. म्हणून साखरेइतकंच बीपीकडे पाहा.

डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी आधी चांगली ठेवलेल्यांना पुढे वर्षानुवर्षं फायदा मिळत राहिला. जखडलेलं कोलॅजन सहज सुटत नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं. पहिली पाच-दहा वर्षं 'काही त्रास नाही' म्हणून घालवली, तर त्यांची भरपाई नंतर पूर्ण होत नाही.

एक सावधगिरी : बरीच वर्षं चढी असलेली साखर झपाट्याने उतरवायची असेल, तर आधी डोळ्याची बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. पडदा आधीच खराब असेल, तर एकदम उतरलेल्या साखरेने तो काही काळ आणखी बिघडू शकतो.

प्रश्न : शुगर ४०० निघाली. औषध सुरू केलं आणि आठ दिवसांत जवळचं वाचता येईना. औषधाने डोळे गेले का? (वरूड, जि. अमरावती)

नाही. साखर उतरताना भिंगाचा आकार बदलतो आणि चष्म्याचा नंबर सरकतो. साखर चार ते सहा आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. मात्र डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : लघवीला फेस नाही, पायावर सूज नाही. तरी दरवर्षी लघवी तपासायची? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

हो. फेस आणि सूज फार उशिरा येते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन किती गळतं ते दाखवणारी तपासणी) सांगा, साधी पट्टी सुरुवातीची गळती पकडत नाही. सकाळची पहिली लघवी द्या. ३०च्या वर आलं, तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासा आणि तीनपैकी दोनदा जास्त आलं तरच खरं माना. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचं जड काम असेल, तर तपासणी पुढे ढकला, नाहीतर आकडा खोटा वाढतो.

प्रश्न : चप्पल पायातून निघून जाते अन् मले समजतच नाही. रोवणीत पायाले काय लागलं, ते घरी आल्यावर दिसते. काय करू? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस कमरेच्या मणक्याजवळून निघते, म्हणजे जवळपास मीटरभर लांब असते. तिला लागणारा माल मणक्याजवळच्या पेशीतून शेवटच्या टोकापर्यंत पोचावा लागतो. साखरेने ही वाहतूक आणि नसेला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही बिघडल्या की टेलचं वावर आधी सुकतं, तसा पाय आधी बधिर होतो.

घरीच तपासा. डोळे मिटून झोपा. घरच्या माणसाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवावी. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे. दवाखान्यात जाऊन १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉन धाग्याने तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं सुरू असेल, तर बी-१२ही तपासा. ते कमी झालं तरी असाच बधिरपणा येतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो.

बांधीत अनवाणी उतरू नका. सुती मोजे आणि गमबूट घाला, घालण्याआधी बूट उलटा करून झटका. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवा आरशात पाहा. गरम पाण्याचा शेक नको, बधिर पायाला चटका कळत नाही. घट्टा ब्लेडने कापू नका. आणि एक पाय लाल, गरम, सुजलेला असेल पण दुखत नसेल, तर मुरगळला समजून चोळू नका. हाडं आतून ढासळत असू शकतात. पाय टेकवणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी एक्स-रेसाठी उपजिल्हा रुग्णालयात जा.