वाचक विचारतात : वेगवान रेल्वेचा पैसा कोण फेडणार?

प्रश्न : नाशिक–पुणे वेगवान रेल्वेत राज्याचा वाटा फक्त 20 टक्के, असे ऐकतो. मग तिजोरीवर भार पडतो, ही ओरड कशासाठी? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : महारेलच्या (राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या संयुक्त कंपनीच्या) मूळ आराखड्यात 235 किलोमीटरसाठी सुमारे 16,039 कोटी रुपये धरले होते. त्यात 20 टक्के राज्य, 20 टक्के रेल्वे आणि उरलेले 60 टक्के मुख्यतः वित्तसंस्थांच्या कर्जातून व भागभांडवलातून. वादाचे मूळ या 60 टक्क्यांत आहे, म्हणजे सुमारे 9,600 कोटींत.

ही सगळी रक्कम 8 टक्के व्याजाने उचलली असे समजून गणित मांडा. वर्षाचे व्याज सुमारे 770 कोटी, रोजचे 2 कोटी 10 लाख. सरासरी तिकीट 500 रुपये धरले, तर रोज 42,000 प्रवाशांचे भाडे नुसत्या व्याजात जाईल. 16 डब्यांच्या वंदे भारतमध्ये 1,128 आसने असतात. त्या हिशेबाने दोन्ही बाजूंच्या मिळून 37 फेऱ्या खच्चून भरायला हव्यात. वीज, देखभाल, पगार आणि मुद्दल अजून बाकीच आहे.

म्हणून अशा प्रकल्पात मालवाहतूक फार महत्त्वाची ठरते. सिन्नर आणि चाकणच्या कारखान्यांचा माल मिळाला तर हिशेब बराच हलका होतो. तरीही तूट राहिली, तर ती शेवटी सरकारलाच भरावी लागते. रेल्वे व्हावी, असेच आमचे मत आहे. पण ही तूट कोणत्या अर्थसंकल्पातून, किती वर्षे भरणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी जाहीर झाले पाहिजे.

प्रश्न : मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानने 0.1 टक्के व्याजाने पैसे दिले. नाशिकसाठी तसे का होत नाही? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : 508 किलोमीटरच्या त्या प्रकल्पाचा मूळ अंदाज 1,08,000 कोटींचा होता आणि त्यातले सुमारे 88,000 कोटी कर्ज. मुदत 50 वर्षे, पहिली 15 वर्षे मुद्दल फेडायचे नाही. 0.1 टक्क्याने पूर्ण रकमेचे व्याज वर्षाला अवघे 88 कोटी होते. मात्र ही सवलत शिंकान्सेन, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेन तंत्रज्ञानाशी बांधलेली आहे. शिवाय परतफेड येनमध्ये आहे. येन महागला की व्याजदर तोच राहूनही रुपयातला हप्ता फुगतो.

दुसरा फरक रुळांचा. बुलेट ट्रेनचे रूळ 1,435 मिलिमीटरचे, आपले ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचे. बुलेटच्या मार्गावर आपली मालगाडी चढूच शकत नाही. नाशिक–पुणे ब्रॉडगेज ठेवल्यामुळे गाड्या थेट पुढच्या जाळ्यात जाऊ शकतात. वेग ताशी 200 किलोमीटरचाच मिळाला तरी नाशिककरांना हीच सोय जास्त उपयोगाची आहे.

प्रश्न : खोडदच्या दुर्बिणीमुळे मार्ग बदलणार म्हणतात. आमच्या शेतात मोजणी होऊन गेली आहे, आता काय करायचे? (एक शेतकरी, सिन्नर तालुका)

उत्तर : पुणे जिल्ह्यातल्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेवरच्या रेल्वेत वरची तार आणि पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा गाडीच्या टपावरचा सांगाडा) यांच्यात ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट त्या लहरी झाकून टाकतो. त्यामुळे शिर्डी–अहिल्यानगरकडून जाणारा मार्ग पुढे आला.

तुम्ही आधी ताजा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकान्यात भूसंपादनाची नोंद आहे का ते पाहा. नोंद असेल तर जमीन विकताना किंवा तारण ठेवताना अडचण येते. मार्ग रद्द झाल्यास नोंद कमी करण्याचा अर्ज प्रांत कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मार्ग कायम राहिला तर संयुक्त मोजणीच्या नकाशाची प्रत मागा. द्राक्षाचा मांडव, ठिबक, बोअर, शेततळे, पाइपलाइन हे सगळे पंचनाम्यात आल्याशिवाय सही करू नका. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग करतो, बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम विभाग, सागासारख्या झाडांचे वन विभाग. तिन्ही अहवालांच्या प्रती वेगवेगळ्या मागा. एखादा राहून गेला तर मोबदला तेवढ्याने कमी बसतो.